पांढरा मका, पिवळा मका आणि मी

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास विचारतात, "ही सायकल मोडली कशी?" राग येतो मला, पण चूक त्यांची नाही. माझं चाक खरोखरच सायकलचं आहे. त्याच्या मागं लाकडाचे दोन दांडे, मध्ये पत्र्याचे दोन डबे आणि डब्यांखाली दोन टोकदार फण. मी एक जुनी पाभर आहे, म्हणजे शेतात बी पेरायचं अवजार. एकानं मला मागून ढकलायचं, दुसऱ्यानं पुढून दोरी ओढायची आणि बाकी सगळं मी करायचं. फणानं माती उकरायची, डब्यातला एकेक दाणा नळीतून खाली सोडायचा, वर माती लोटायची. इतकं सगळं करून वर मोडकी सायकल म्हणवून घ्यायचं!

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तेव्हा मला एकच डबा होता. डब्याच्या तळाशी भोकं पाडलेली एक चकती असते. चाक फिरलं की चकती फिरते आणि प्रत्येक भोकातून एक दाणा खाली पडतो. एक, बरं का! दोन पडले तर रोपं एकमेकांना ढकलतात आणि एकही पडला नाही तर जागा रिकामी राहते. वेल्डरकाकांनी मला जमिनीवर अंथरलेल्या चादरीवरून पाच वेळा फिरवलं, पडलेले दाणे मोजले आणि मगच मला दुकानाबाहेर सोडलं. तेव्हापासून मोजणं माझ्या अंगात भिनलं आहे. मी सगळंच मोजते. ओळी, दिवस, माणसांचे उसासेसुद्धा.

मी आले ती तात्याच्या घरी. तात्या, त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि शेजारच्याच घरात राहणारी त्याची मोठी बहीण, म्हणजे अक्का. शेत भावाबहिणीचं दोघांचं, सामाईक. त्यात दरवर्षी एकच पीक, पांढरा मका. हा मका त्यांच्या घरात इतक्या पिढ्या आहे की तो आणला कुणी हे कुणालाच सांगता येत नाही. दाणा मोठा, चपटा, दुधासारखा पांढरा. पण स्वभावानं भारी निवांत! पेरल्यावर दोन महिने नुसता उंच वाढायचा, मग कुठं तुरा काढायचा आणि चार महिने झाल्याशिवाय घरी यायचं नावच नाही.

चौदा वर्षं मी हा मका पेरला. ओळी सुतासारख्या सरळ पडायच्या. आजूबाजूचे लोक मला मागून न्यायचे आणि परत आणून देताना माझं कौतुक करायचे. मी काही लाजायचे नाही. कौतुक ऐकायला मला आवडतं.

मग भाड्यानं ट्रॅक्टर मिळायला लागला. एका सकाळी तो आला, तासाभरात सगळं शेत पेरून गेला आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. अक्काकडं दीडशे कोंबड्या होत्या. त्यातल्या एका तपकिरी कोंबडीनं माझ्या डब्यात अंडी घालायला सुरुवात केली. आधी मला अपमान वाटला. पुढं पुढं तिची सवय झाली. खरं सांगते, ती यायची नाही त्या दिवशी मला करमायचं नाही.

कोपऱ्यात पडलं तरी कान बंद होत नाहीत. मला बाहेरचं सगळं कळत होतं. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता. एका वर्षी तो महिनाभर उशिरा आला आणि पांढरा मका भरायच्या आत थंडी पडली. कणसात दाणे म्हणजे नुसती टरफलं. दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पण मका तुऱ्यात असताना असा गडप झाला की विचारू नका. मला प्रश्न पडायचा, पाऊस असा का वागतोय? तात्यालाही तोच पडायचा. 

दोन वर्षं मका गेला आणि घरात पांढऱ्या मक्याच्या बियाण्याचा एकच डबा उरला. आठ किलो असेल. तोही तीन वर्षांपूर्वीचा.

वहिनीनं त्यातले वीस दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. ती बसली होती गोठ्याच्या दारात, म्हणजे माझ्या समोरच. सहाव्या दिवशी तिनं गोणपाट उलगडलं. मीही मोजत होते, तीही मोजत होती.

"अकरा," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी सोळा उगवले होते," तात्या म्हणाला.

"म्हणजे अजून एक वर्ष ठेवून द्यायची सोय नाही," अक्का म्हणाली. "पुढच्या वर्षी पाचसहा उगवतील, आणि मग काहीच नाही. डबा यंदाच पेरायचा. सगळा."

"आणि यंदाही गेला तर?"

 गेला तर पांढरा मका संपला, हे तिघांनाही ठाऊक होतं. मलाही. हा दाणा दुसरीकडं कुठंच मिळत नव्हता. 

अक्का मात्र आधीच विचार करून आली होती. तिनं पदराच्या गाठीतून मूठभर दाणे काढून तात्यापुढं धरले. बारीक, गोल, पिवळेधमक. "हा मका बघ. पंचेचाळीस दिवसांत फुलतो, पंच्याऐंशी दिवसांत घरी. एक ओळ याची, एक ओळ तुझ्या पांढऱ्याची. शेजारी शेजारी."

"कशाला ही खिचडी?"

"अरे, पाऊस लवकर पळाला तर पिवळा हाती लागतो. उशिरा आला तर पांढऱ्याला मिळतो. शिवाय पिवळा लवकर उरकला की मागची ओल सगळी पांढऱ्याची. एकाच वेळी सगळं शेत तहानलेलं राहणार नाही."

तात्यानं मान हलवली. "आणि पांढऱ्यात पिवळा मिसळला म्हणजे?"

मित्रांनो, ही भीती साधी नव्हती. मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो आणि त्यातून बारीक भुकटी उडते. खाली कणसाला केस येतात. कणसात जितके दाणे, तितके केस! प्रत्येक केसावर भुकटीचा कण पडावा लागतो, तेव्हा त्या केसाच्या मुळाशी एक दाणा धरतो. आणि पांढऱ्या कणसाच्या केसावर पिवळ्या मक्याची भुकटी पडली, तर तो दाणा तिथल्या तिथं पिवळा होतो. मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. मी पेरते तो दाणा जमिनीखाली, आणि त्याची ही सगळी लगबग वर हवेत चालते!

"नाही मिसळायचा," अक्का म्हणाली. "पिवळ्याचा तुरा झडून जाईल तेव्हा तुझा पांढरा कुठं आळोखेपिळोखे देत असेल. पंधरावीस दिवसांचं अंतर आहे दोघांत."

तात्या दोन दिवस घुम्यासारखा बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं. बोलव ट्रॅक्टर."

ट्रॅक्टरवाला आला आणि त्यानं हातच जोडले. "एका खेपेत दोन जातींचं बी? ते आमच्याच्यानं व्हायचं नाही बाबा." तो गेला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग एकदम माझ्याकडं बघितलं. काय सांगू तुम्हाला, गंजलेल्या अंगावर काटा आला.

तपकिरी कोंबडी हुसकली गेली. तिचं मला वाईट वाटलं. वेल्डरकाका आता बरेच म्हातारे झाले होते, पण त्यांनी मला ओळखलं. त्यांनी मला दुसरा डबा आणि दुसरा फण जोडला. डाव्या डब्यात बारीक भोकांची चकती, पिवळ्या मक्यासाठी. उजव्या डब्यात लांबट भोकांची, पांढऱ्यासाठी. आता मी एका फेरीत दोन ओळी पेरणार होते, एक पिवळी आणि एक पांढरी.

पेरणीच्या दिवशी तात्या दांड्यावर आणि अक्का दोरीला. वहिनी मागून ओळ बघत येत होती. पहिली फेरी सुरेख झाली. विहिरीच्या बाजूला पिवळी ओळ, तिच्या शेजारी पांढरी. शेवटाला तात्यानं मला वळवलं, पुढच्या पट्ट्यात उभं केलं आणि परत निघाला.

दहा पावलं गेलो असू, आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. पांढऱ्या ओळीच्या शेजारी मी पुन्हा पांढरीच ओळ पेरत होते! मला सांगायचं होतं, पण तोंड कुठं आहे मला? मी जोरजोरात कुरकुरले. तात्या थांबला, चाकाला तेल घातलं आणि पुन्हा चालायला लागला. मी फण दगडात अडकवला. त्यानं दगड काढला. मी हात टेकले. सव्वीस फेऱ्या झाल्या, बावन्न ओळी झाल्या. संध्याकाळी अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं बाई एकदाचं! एक पिवळी, एक पांढरी." 

रोपं उगवली तेव्हा कुणाला काही कळलं नाही. कोवळं मक्याचं रोप सगळं सारखंच दिसतं. काही जागी दाणे उगवले नाहीत, तिथं अक्कानं नंतर हातानं पिवळंच बी टोचलं, कारण पांढरं उरलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या दिवशी तुरे आले आणि भांडं फुटलं. दोन ओळींना तुरे, दोन ओळी बोडक्या. पुन्हा दोन ओळींना तुरे, पुन्हा दोन बोडक्या.

तात्या तरातरा गोठ्यात आला आणि त्यानं मला ओढत बांधावर नेलं. "हिनंच घोळ केला. म्हातारी झालीय. भंगारात घालतो हिला."

मला रडू आलं असतं, पण पाभरीला रडता येत नाही. चौदा वर्षांची सेवा आणि हे बक्षीस!

वहिनी तेवढ्यात विहिरीवरून येत होती. डाव्या हातात बादली, उजव्या हातात खुरपं. ती थांबली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "अहो, इकडं बघा. मी अशी चाललेय. बादली कुठल्या बाजूला?"

"विहिरीकडं."

ती दहा पावलं चालून गेली, वळली आणि परत आली. "आता कुठल्या बाजूला?"

तात्यानं बादलीकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. मग माझ्या डब्यांकडं.

"पाभर नाही चुकली," वहिनी म्हणाली. "वळल्यावर डावं ते उजवीकडं जाणारच. प्रत्येक फेरीला डब्यांतलं बी चकत्यांसकट बदलायला हवं होतं. ते कुणी बदललं नाही."

अक्का कपाळावर हात मारून हसायला लागली. "आपण तिघंही शहाणे!" तात्याला हसू आलं नाही. माझी माफी मागायची तर बातच सोडा, तो मला तिथंच बांधावर टाकून निघून गेला. त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. तेवढं एक बरं झालं.

चारच दिवसांत पाऊस थांबला. पाच दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस. मी मोजत होते. पिवळ्याची कणसं त्याआधीच धरली होती आणि दुधात आली होती. पण पांढरा आत्ता कुठं तुरा काढत होता, आणि नेमकी हीच वेळ त्याच्या तहानेची. दुपारी त्याची पानं गुंडाळून सुरळ्या व्हायच्या. मागच्या वर्षी तो असाच गेला होता. तात्या बांधावर येऊन उभा राहायचा. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

पासष्टाव्या दिवशी अक्का त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मोटार किती वेळ चालते?"

"दिवसाला तासभर. मग विहीर तळाला जाते."

"तासाभरात किती सऱ्या भिजतात?"

"सहा." सरी म्हणजे दोन ओळींमधली पाण्याची वाट. "सगळं शेत भिजवायला नऊ दिवस लागतील, अक्का. तोवर पांढऱ्याचे केस वाळून जातील."

अक्कानं पिवळ्याचं एक कणीस चाचपून बघितलं. मग म्हणाली, "पिवळा काढून टाक."

"काय?"

"उद्याच काढ. कणसं हिरवीच बाजारात जातील, मागची ताटं गुरांच्या चाऱ्याला होतील. शेतात एकटा पांढरा राहू दे. सगळं पाणी त्याला सोड."

"आणि तुझ्या कोंबड्या? वर्षभर काय खातील त्या? वाळलेले दाणे त्यांच्यासाठीच हवे होते ना तुला?"

"निम्म्या विकते. आणि माझ्या पिवळ्याचं बी दुकानात मिळतं. तुझा पांढरा कुठल्या दुकानात मिळतो, सांग मला?"

तात्यानं तोंड फिरवलं. तो रडत होता. अक्कानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, कारण तिचेही डोळे भरून आले होते. आधी पिवळा मका कशाला म्हणून मीही मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघांनी पिवळा कापला. ओळी जशा मोकळ्या होत गेल्या तसा तात्या चालता चालता थबकला. त्याच्यासमोर पांढऱ्याच्या दोन ओळी जोडीनं उभ्या होत्या, आणि त्या दोघींच्या मध्ये एकच सरी. त्यानं बोटांवर मोजलं. मी त्याच्या आधीच मोजलं होतं.

"अक्का!" तो ओरडला. "तेरा! तेराच सऱ्या भिजवायच्या आहेत. एका सरीत दोन ओळी पितात. एकाआड एक पेरलं असतं तर सव्वीस भिजवाव्या लागल्या असत्या!"

"म्हणजे किती दिवस?"

"सवादोन. म्हण तीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची सरी भिजली. पुढच्या दोन दिवसांत पांढऱ्याचे केस बाहेर आले, ओलसर आणि पोपटी. वाऱ्यानं तुरे हलले आणि भुकटी खाली उतरली. मी बांधावर पडून बघत होते. नंतर पाऊसही आला, पण तो यायला अजून बारा दिवस लागले. तेवढे दिवस तेरा सऱ्यांनी निभावून नेले.

पावसाच्या त्या पहिल्या सरीतच तात्या माझ्याकडं आला, चिखलाचे हात पुसले, मला उचलून गोठ्यात नेलं आणि वर पोतं पांघरलं. माफी काही मागितली नाही. चाकाला तेल मात्र भरपूर घातलं. मी समजून घेतलं.

पांढरा मका घरी आला तो एकशेविसाव्या दिवशी. फार आला नाही, खोटं कशाला सांगू? काही कणसं टोकापर्यंत भरली होती, काही निम्मीच. पण दाणा कसदार होता. दाणे काढायला तिघं गोठ्यातच बसले. एक डबा भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. वहिनीनं प्रत्येक डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि शेवटी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. पांढरा मका वाचला होता.

मग तात्याच्या हातात एक कणीस आलं आणि त्याचे हात थांबले. पांढऱ्या दाण्यांमध्ये सात पिवळे दाणे. ढीग धुंडाळल्यावर अशी अकरा कणसं सापडली.

"मिसळलाच शेवटी," वहिनी हळूच म्हणाली. "कोंबड्यांना टाकू का?"

मला वाटलं, आता तात्या चिडणार. पण तो कणीस उजेडाकडं धरून फिरवत बसला. "हे झालं कसं? तुरे तर पंधरावीस दिवस मागंपुढं होते. अक्का, तू नंतर टोचलेला पिवळा उशिरा फुलला असणार. पण तेव्हाही बाकीचा पांढरा झोपलेलाच होता. म्हणजे ही अकरा ताटं पांढऱ्यातली असून लवकर फुलली. सगळ्यांच्या आधी."

"घाई झाली असेल त्यांना," अक्का म्हणाली.

"हो ना. इतकी वर्षं मी डोळे मिटून सगळं बी एकाच डब्यात भरत होतो. यातलं कोण लवकर येतं ते कधी बघितलंच नाही."

त्यानं अकरा कणसांचे सगळे दाणे, पांढरे आणि पिवळे, एका छोट्या डब्यात काढले. वहिनीनं झाकणावर कागद चिकटवला आणि पेन हातात घेतलं. "काय लिहू? पांढरा म्हणू का पिवळा?"

"अक्का लिही," तात्या म्हणाला.

"माझं नाव कशाला?" अक्का म्हणाली.

"या मक्याचं नाव अक्का. याला पण वाट बघवत नाही आणि तुझ्यासारखाच हाही आधी निघून मागची ओल दुसऱ्याला सोडणार." त्यानं डबा तिच्या मांडीवर ठेवला. "पुढच्या वर्षी हा शेताच्या मधोमध पेरायचा. पांढऱ्याच्या बरोबरीनं."

 अक्कानं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली.

मित्रांनो, त्या डब्यातून काय उगवेल हे मला माहीत नाही. लवकर येईल का उशिरा, पिवळं येईल का पांढरं, मला फार उत्सुकता लागून राहिली आहे. पण तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी जपून ठेवलेलं बी असेल, तर ते नुसतं जपत बसू नका. डब्यात ते दरवर्षी थोडं थोडं मरतं, कुणाला आवाजसुद्धा येत नाही. मूठभर का होईना, पेरा. एकाच जातीच्या भरवशावर राहू नका. कधी हा "अक्का" मका तुमच्या हातात आला, तर सगळा खाऊन संपवू नका. आणि पेरायला कुणी नसेल तर मला बोलवा, मी येईन.